अकरा मीटरचा पॅसेज, एक उंबरठा आणि कार्पेटचा पट्टा: गुहागरच्या एका घराचं प्रकरण

गुहागरात रस्त्याच्या समुद्राकडच्या बाजूची जुनी घरं अरुंद आणि लांब असतात. पुढे अंगण, मग ओटी, घर, परसदार, नारळ-पोफळीची वाडी आणि वाडी संपली की पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. इथे ज्या घराची गोष्ट आहे त्याच्या चार खोल्या पर्यटकांसाठी दिलेल्या आहेत. या खोल्या एका सरळ पॅसेजच्या दोन्ही अंगांना आहेत, आणि पॅसेज ओटीपासून परसदारापर्यंत आरपार जातो. लांबी ११ मीटर, रुंदी साधारण १२२ सेंटीमीटर.

पॅसेज एकसंध नाही. पुढचा ६.८० मीटरचा भाग मूळ घराचा, चिऱ्याच्या भिंती आणि लाल कोबा. त्यानंतर १२ सेंटीमीटर रुंदीचा, ६ सेंटीमीटर उंच लाकडी उंबरठा. पलीकडचा ४.१० मीटरचा भाग मागाहून वाढवलेला, तिथे काँक्रीटवर गुळगुळीत व्हिट्रिफाइड लादी. घरात ऐंशीच्या घरातल्या आजी काठी टेकत याच वाटेने दिवसातून वीस वेळा जा-ये करतात. पाहुणे पुळणीवरून ओल्या पायांनी, वाळूसकट, मागच्या दाराने येतात. लादी ओली झाली की घसरते, म्हणून कार्पेटचा पट्टा टाकायचं ठरलं. हेतू योग्यच होता. पहिल्या वेळी पट्टा टाकण्याची रीत चुकली.

पहिला पट्टा

एप्रिलमध्ये, मे महिन्याची गर्दी सुरू व्हायच्या आत, ३ फुटी रुंदीचा एकच अखंड पट्टा ओटीच्या दारापासून परसदारापर्यंत टाकला गेला. तंतू पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, पाठीला रबरासारखा लॅटेक्सचा थर. दोन्ही कडांना आणि मध्ये एक अशा तीन ओळींत दोन्हीकडून चिकटणारी टेप. उंबरठ्यावरून पट्टा तसाच चढवून पुढे नेला.

मे महिना नीट गेला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कोब्याच्या भागात कुबट वास सुरू झाला. जुलैत तिथली टेप सुटली आणि कडा वर वळल्या. लादीच्या भागात उलट टेप इतकी घट्ट धरून बसली की नंतर पट्टा ओढताना पाठीचा थर फाटून लादीवरच राहिला. उंबरठ्याच्या दोन्ही अंगांना पट्टा ताणून तंबूसारखा उभा राहिला होता. खाली चार सेंटीमीटरची पोकळी. गणपतीत घर भरलेलं असताना एका पाहुण्याचा पाय त्या पोकळीत दबला आणि तो पडला. आजींची काठीही तिथेच दोनदा अडकली होती. विसर्जनानंतर पट्टा उचलला.

उचलल्यावर कोब्यावर जे दिसलं ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण सगळं निदान त्यातच आहे. पट्ट्याच्या मधल्या भागाखाली कोबा काळपट, हाताला गार आणि चिकट. पट्ट्याच्या दोन्ही कडांच्या बाहेर मात्र अडीच-तीन सेंटीमीटर रुंदीच्या, भिंतीला समांतर जाणाऱ्या दोन पांढऱ्या रेघा. बोटाने घासल्या तर पावडर निघते. हा खार. जमिनीतून वर येणारी ओल एरवी कोब्याच्या सगळ्या पृष्ठभागावरून थोडी थोडी उडून जायची, म्हणून कधी कोणाच्या लक्षात आली नाही. लॅटेक्सच्या थराने मधला भाग झाकल्यावर तिला वर वाट उरली नाही. ती आडवी सरकली, कडेला बाहेर पडली, पाणी उडून गेलं आणि पाण्यातले क्षार तिथे साठले. पट्ट्याच्या पाठीवर काळे ठिपके होते, ती बुरशी. पॉलिप्रॉपिलीन पाणी पीत नाही हे खरं, पण बुरशी तंतूवर जगत नव्हती. तंतूंच्या मध्ये अडकलेल्या मातीवर आणि तेलकट मळावर जगत होती. पृष्ठभागाशी हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सतत टिकली की तिला एवढं पुरतं.

लादीखाली बुरशी कमी होती. तिथली ओल खालून आली नव्हती. पुसताना आणि ओल्या पायांनी वरून गेलेलं पाणी थराखाली कोंडलं होतं.

एप्रिलमध्ये कोरडी, आश्विनात ओली

पट्टा टाकण्याआधी कोब्यावर हात फिरवून तो कोरडा असल्याचं पाहिलं गेलं होतं. एप्रिलमध्ये तो कोरडाच असतो. विहिरीचं पाणी खोल गेलेलं असतं, वारा सुटलेला असतो. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जुन्या चिऱ्याच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो, आणि चिरा म्हणजे जांभा दगड, तो स्वतः सच्छिद्र. त्यामुळे जमिनीची परीक्षा विहीर भरलेली असताना, म्हणजे भाद्रपद-आश्विनात घ्यायला हवी. या एका गोष्टीवर पुढचे सगळे निर्णय ठरले.

परीक्षा साधी आहे. ४५ सेंटीमीटर चौरसाचा पारदर्शक जाड प्लास्टिकचा तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा टेपने पूर्ण बंद करायच्या आणि किमान १६ तास, शक्यतो पूर्ण दिवस, तसाच ठेवायचा. उन्हाची तिरीप तिथे येता कामा नये. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब धरले किंवा जमीन गडद झाली, तर ओल खालून येते. वरच्या बाजूला पाणी धरलं आणि खाली कोरडं राहिलं, तर दमट हवा गार लादीवर निवते आहे, ज्याला आपण लादीला घाम सुटला म्हणतो. दोन्हींवरचे उपाय वेगळे, म्हणून हा फरक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

ऑक्टोबरमध्ये पाच ठिकाणी तुकडे लावले: तीन कोब्यावर, दोन लादीवर. लादीचे दोन्ही कोरडे निघाले. कोब्याचे तिन्ही ओले, आणि न्हाणीघराच्या दाराजवळच्या तुकड्याखाली तर थेंब एकमेकांत मिसळून ओघळ झालेले.

न्हाणीघराच्या बाहेरून घराला फेरी मारल्यावर कारण दिसलं. वर्षानुवर्षं आळ्यांची माती उकरून भिंतीलगत टाकल्याने तिथली जमीन जोत्याच्या वर आली होती, आणि कौलांच्या पागोळ्या बरोबर त्या मातीवर पडत होत्या. भिंतीलगतची माती १५ सेंटीमीटर खाली उतरवली, बाहेरच्या बाजूला उतार दिला आणि त्या लांबीत पन्हळ लावून पाणी वाडीच्या पाटात सोडलं. जानेवारीअखेर पुन्हा तुकडे लावले. दोन ठिकाणी थेंब नाहीत, फक्त कोबा किंचित गडद. न्हाणीघराजवळ अजून थेंब. जुन्या जोत्याची ओल पूर्ण जाणार नाही, हे धरूनच पुढची आखणी केली: कोब्यावर काहीही चिकटवायचं नाही, हवा खेळती राहील असाच पट्टा घ्यायचा, तो आठवड्याला उचलता आला पाहिजे, आणि पावसाळ्यात तो जमिनीवर नसेल.

कोबा आणि लादी साफ करणं

खाराच्या रेघा आधी कोरड्या ब्रशने घासून केरसुणीने गोळा केल्या. इथे पाणी ओतायचा मोह होतो. पण क्षार पाण्यात विरघळून पुन्हा कोब्यात मुरतात आणि आठवड्याने तिथेच उगवतात. बाजारातलं फरशी साफ करायचं अॅसिड तर लाल कोब्यावर अजिबात घालू नये. ते सिमेंट खातं, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि तो डाग परत जुळत नाही.

टेपचा गोंद काढायला लादीवर मिनरल टर्पेंटाइनचा बोळा पुरला. खिडक्या-दारं उघडी, देवघरातला दिवा शांत केलेला. कोब्यावर टर्पेंटाइन वापरलं तर मेण उतरून फिकट पट्टा पडतो. तिथे खोबरेल तेल लावून तासभर थांबले, गोंद मऊ झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घेतला. कोब्याला खोबरेल तसं परकं नाही, पूर्वी त्यानेच तर तो चकचकीत करत. मात्र पट्टा जिथे येणार त्या भागावर नंतर पुन्हा मेण किंवा तेल लावलं नाही. पट्टा घसरू नये म्हणून त्याच्याखाली जी जाळी घालायची, ती तेलकट जमिनीवर धरत नाही.

कोणता पट्टा

घरच्यांची पहिली पसंती काथ्याला होती, आणि कोकणात ती साहजिक आहे. लोकर, ताग, काथ्या हे तंतू हवेतली ओल ओढून घेतात. ६५ टक्के आर्द्रतेच्या प्रमाणित हवेत लोकर स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के, ताग साधारण १४ टक्के आणि सूत साडेआठ टक्के ओल धरतं. नायलॉन चार-साडेचार, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी आणि पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. गुहागरात जुलैची हवा ६५ टक्क्यांपेक्षा बरीच जास्त दमट असते. ओल धरणारा पट्टा दमट दिवसांत वाढतो आणि कोरड्या दिवसांत आखडतो. साडेसहा मीटरच्या लांबीत हा फरक लाटा होऊन दिसतो. ताग तर ओला होऊन राहिला की तपकिरी पडतो आणि कुजतो.

म्हणून आतला पट्टा पॉलिप्रॉपिलीनचाच, पण सपाट विणीचा, लव नसलेला आणि पाठीला कुठलाही थर नसलेला. उजेडाकडे धरला तर विणीतून उजेड दिसतो, इतका उघडा. जाडी ५ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला दीड किलो. काथ्या गेला परसदाराच्या पडवीत, जिथे त्याचं खरं काम आहे: वाळू झाडणं. ९० सेंटीमीटर रुंद आणि दीड मीटर लांब. एवढी लांबी मिळाली की प्रत्येक पाऊल निदान एकदा तरी त्यावर पडतं. पाठीला प्लास्टिक असलेला काथ्या तिथे घेतला नाही, कारण तो खालून सुकत नाही. विणीचा घेतला आणि लाकडी पट्ट्यांच्या फळीवर ठेवला, म्हणजे वाळू खाली गळते. त्याच्याही बाहेर पाय धुवायचा नळ आणि दगड आहेच. वाळूचे कण कुठल्याही तंतूपेक्षा कठीण असतात. ते विणीत बसले की प्रत्येक पावलागणिक करवतीसारखे चालतात. पट्टे मळण्याआधी झिजतात ते यामुळे.

माप

रुंदीची बाजारातली मापं दोन, अडीच आणि तीन फूट. पॅसेजची रुंदी पाच ठिकाणी मोजली: ११८, १२१, १२४, १२२, १२०. जुन्या भिंती अशाच असतात. ३ फुटी, म्हणजे साधारण ९० सेंटीमीटरचा पट्टा टाकला तर बाजूला १३ ते १८ सेंटीमीटरचा कोबा दिसतो, आणि १३ व १८ मधला फरक लांबून चटकन कळतो. अडीच फुटी, म्हणजे ७६ सेंटीमीटरचा टाकला तर बाजूला २० ते २५ उरतात. फरक तेवढाच, पण डोळ्याला टोचत नाही. शिवाय कोब्याला श्वास घ्यायला दोन्हीकडे मोठी पट्टी मिळते. अडीच फुटी ठरला.

मध्यरेषा भिंतींवरून काढली नाही. ओटीच्या दाराच्या चौकटीचा मध्य आणि परसदाराच्या चौकटीचा मध्य यांमध्ये गवंड्याची दोरी ताणली आणि खडूने रेघ मारली. माणूस दारात उभा राहून समोरच्या दाराकडे पाहतो, भिंतीकडे नाही. पट्टा त्या नजरेला सरळ दिसला पाहिजे. दोरी उंबरठ्याच्या मध्यापासून दीड सेंटीमीटर बाजूला गेली. जाऊ दिली.

आता उंबरठा. पट्ट्याचे दोन तुकडे करायचे यावर चर्चाही झाली नाही. ६ सेंटीमीटरच्या चढावर ताणलेलं कापड खाली टेकत नाही, आणि झाकलेला उंबरठा दिसत नाही म्हणून पाय अडखळतो. शिवाय रोज सकाळी उंबरठ्यावर पाणी शिंपडून हळद-कुंकू लागतं, सणाला रांगोळी असते. त्याच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटीमीटर मोकळी जागा ठेवली, म्हणजे पुसताना पट्टा भिजत नाही.

पुढचा तुकडा: ६.८० वजा ओटीच्या दाराशी १५ आणि उंबरठ्याशी १५ सेंटीमीटर, म्हणजे ६.५० मीटर. मागचा तुकडा: ४.१० वजा उंबरठ्याशी १५ आणि परसदाराशी ६० सेंटीमीटर, म्हणजे ३.३५ मीटर. परसदाराची झडपं आत उघडतात आणि प्रत्येकी ५० सेंटीमीटरची आहेत, म्हणून तिथे ६० सोडले. त्या उघड्या लादीवर ओल्या पायांचं पाणी पडतं आणि पोछा फिरवता येतो. प्रत्येक तुकड्याला दोन्ही टोकांना कापण्यासाठी ५ सेंटीमीटर जास्तीचे धरून १०.०५ होतात, मागवला १०.२५ मीटर. पट्ट्यावर लांबीला जाणाऱ्या उभ्या रेघा होत्या, आडवी नक्षी नव्हती. नक्षी असती तर तिच्या एका पूर्ण आवर्तनाएवढी लांबी जास्त घ्यावी लागली असती.

माप घेताना एक दार बहुधा विसरलं जातं: न्हाणीघराचं. ते पॅसेजमध्ये उघडतं, ७० सेंटीमीटर रुंद, फणसाच्या फळ्यांचं. बंद असताना त्याच्याखाली ११ मिलिमीटरची फट होती, आणि पट्टा ५ अधिक खालची जाळी ३ मिळून ८. म्हणजे पुरेसं वाटतं. पण कोबा सपाट नसतो. दार हळूहळू उघडत खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून पाहिलं तेव्हा अर्ध्या वाटेत फट फक्त ७ मिलिमीटर होती. दार काढून खालून ६ मिलिमीटर रंधलं, सगळ्यात अडचणीच्या जागी १३ झाली. रंधलेल्या कडेला त्याच दिवशी तेली प्रायमरचे दोन हात आणि वर रंग दिला. खालची कड उघडी राहिली तर लाकूड तिथूनच पाणी पितं, पावसात फुगतं आणि रंधलेलं सगळं वाया जातं.

कापणं आणि टोकं शिवणं

गुंडाळलेला पट्टा आणल्याबरोबर कापू नये. पुढच्या खोलीत उलटी वळी करून काही तास आणि मग सपाट पसरून दोन दिवस ठेवला. वळीची ओढ जाते आणि माप खरं मिळतं.

कापण्यासाठी पाठीच्या बाजूने, आडव्या धाग्याच्या ओळीत स्टीलची पट्टी ठेवून नव्या ब्लेडचा कटर चालवला, एकेका टोकाला नवं ब्लेड. बोथट ब्लेड धागा ओढतं आणि कड वाकडी होते. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंशांना वितळतं, म्हणून कापलेल्या कडेवरून तापलेली पातळ पट्टी झरकन फिरवली की धागे जुळून बसतात. ती तिथेच थांबली तर मात्र कडक, टोचणारी कड तयार होते. अनवाणी पायांच्या घरात ते चालत नाही.

लांबीच्या दोन्ही किनारी विणतानाच बांधलेल्या होत्या. गोट फक्त चार टोकांना लागला: ७६ सेंटीमीटर गुणिले चार, म्हणजे ३.०४ मीटर. घडीसाठी धरून साडेतीन मीटर पॉलिएस्टरची पट्टी घेतली, दोराही पॉलिएस्टरचा. सुती गोट दिसायला छान, पण दमट हवेत आधी तोच काळा पडतो.

टोकं जागेवर धरून ठेवायचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. दोन्ही दारं उघडी असली की दुपारचा पश्चिमेचा वारा पॅसेजमधून सरळ वाहतो आणि हलका पट्टा टोकाशी उचलला जातो. चिकटवायचं नाही. कोब्यात भोक पाडून स्क्रूची गिट्टी ठोकली तर कोबा ढलपे काढतो. म्हणून टोकांना वजन दिलं. २५ मिलिमीटर रुंद, ३ मिलिमीटर जाड स्टेनलेस स्टीलची सपाट पट्टी, प्रत्येकी ७२ सेंटीमीटर लांब. चार पट्ट्या ३ मीटरमधून निघाल्या. एका पट्टीचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. समुद्राजवळ ३०४ दर्जाच्या स्टीललाही गंजाचे टिपके येतात, तेव्हा ३१६ मागितलं. कोपरे कानशीने गोल केले.

पट्टी कापडाची घडी घालून आत शिवली असती तर टोकाशी १३ मिलिमीटरचा उंचवटा झाला असता. त्याऐवजी पट्ट्याच्या खालच्या बाजूला, टोकापासून २ सेंटीमीटर आत, साडेतीन सेंटीमीटर रुंदीचा पातळ ताडपत्रीच्या कापडाचा खिसा शिवला, एका बाजूने उघडा, म्हणजे धुताना पट्टी बाहेर काढता येते. घसरण रोखणारी जाळी ३ मिलिमीटरची आणि स्टीलची पट्टीही ३ मिलिमीटरची. जाळी टोकापासून ६ सेंटीमीटर अलीकडे संपवली की त्या जागेत खिसा बसतो आणि उंची सगळीकडे सारखी राहते. टोकाची शेवटची २ सेंटीमीटर पट्टीच्या पुढे खाली झुकतात, त्यामुळे पायाला आधी ५ मिलिमीटरची कड लागते. काठीचं रबरी टोक या कडेवर अडकत नाही. हे पट्टा पसरल्यावर आजींनी चालून दाखवलं तेव्हाच पक्कं धरलं.

हे शिवणकाम घरच्या मशीनवर होत नाही. चिपळूणला ताडपत्र्या शिवणाऱ्याच्या जाड मशीनवर झालं. त्याने कापड हातात घेऊन एकच विचारलं, “वहिनी, हे धुवायचंय ना? मग टाका लांब घालतो, बारीक टाक्यांनी ही वीण फाटेल.” त्याचं बरोबर होतं. सपाट विणीवर सहा मिलिमीटरचा टाका ठीक बसतो.

जाळी आणि पसरणं

जाळी म्हणजे धाग्यांच्या उघड्या चौकोनांवर मऊ पीव्हीसी चढवलेली. फोमची किंवा नमद्याची अंडरले पायाला मऊ लागते, पण फोम काठीखाली दबतो आणि नमदा ओल धरतो. जाळीतून हवा जाते. एक धोका असतो: मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य काही पॉलिशवर डाग पाडतं. १० सेंटीमीटरचा तुकडा कोब्यावर ठेवून वर पाटा ठेवला आणि चार दिवसांनी पाहिलं. डाग नव्हता. मेण काढलेलं होतं, त्याचा हा फायदा.

जाळी पट्ट्याच्या किनारींपासून अडीच सेंटीमीटर आत, म्हणजे ७१ सेंटीमीटर रुंद कापली. लांबी पुढच्या तुकड्याला ६.३८ आणि मागच्याला ३.२३ मीटर. जिथे दोन तुकडे जोडावे लागले तिथे एकावर एक न चढवता मध्ये अर्धा सेंटीमीटर फट ठेवली. चढवलेली जाळी वरून लाटेसारखी दिसते आणि झीज नेमकी तिथे सुरू होते.

जमीन आधी झाडून, मग ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण सुकू दिली. जाळीखाली राहिलेला वाळूचा एक कण छर्ऱ्यासारखा फिरतो. खडूच्या रेघेवर जाळी, जाळीवर पट्ट्याची मधली रेघ. पट्टा एका टोकाकडून ढकलत न आणता दोन माणसांनी मधून दोन्ही टोकांकडे उलगडला. एका टोकाकडून आणला तर तिरकेपणा शेवटी एकत्र होऊन दिसतो. दर मीटरला बाजूची उघडी जागा मोजली. मग अनवाणी पायांनी मधून बाहेर चालत कापड बसवलं आणि शेवटी टोकांच्या खिशात पट्ट्या सरकवल्या.

मागचा तुकडा पसरताना उंबरठ्यावरून दोरी पुन्हा ताणली, कारण पट्ट्यावरच्या उभ्या रेघा उंबरठ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एका ओळीत आल्या पाहिजेत. ओटीत उभं राहिल्यावर अकरा मीटरचा एकच पट्टा उंबरठ्याखालून गेल्यासारखा वाटतो. तीन-चार मिलिमीटर इकडे तिकडे झालं तरी ते दिसतं, म्हणून यावर अर्धा तास गेला तर जाऊ द्यावा. पट्टा पसरला तो फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

पुढचे महिने

तीन आठवड्यांत मागचा तुकडा उंबरठ्याकडे ४ सेंटीमीटर सरकला. पुढचा जागचा हलला नाही. काथ्यावरून सुटलेली बारीक वाळू लादीवरच्या जाळीत भरली होती; पाहुण्यांच्या चाकाच्या बॅगा आत येताना पट्टा त्याच दिशेला रेटत होत्या. जाळी ओल्या फडक्याने पुसून सुकवली आणि पुन्हा बसवली. तेव्हापासून दर शनिवारी मागचा तुकडा पूर्ण उचलतात: पट्टा झटकणं, जाळी पुसणं, लादी पुसणं, सुकल्यावर परत. दोघांना वीस मिनिटं पुरतात. पुढचा तुकडा अर्धा-अर्धा दुमडून खालचा कोबा पाहतात. न्हाणीघरापाशी गडदपणा दिसला तर ते अर्धं दोन-तीन तास दुमडलेलंच ठेवतात.

पट्टा सुकवायचा तो पडवीच्या सावलीत, बांबूवर. पॉलिप्रॉपिलीनला कडक ऊन सोसत नाही. अंगणात दिवसचे दिवस टाकला तर धागे ठिसूळ होऊन विरतात. चहा-कालवणाचे डाग थंड पाण्याने टिपून निघतात. इस्त्री आणि गरम भांडी पट्ट्यावर कधीही टेकवू नयेत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृग लागायच्या आत, दोन्ही तुकडे धुऊन दोन दिवस सुकवले. जुन्या ४ इंची पीव्हीसी पाइपांवर गुंडाळले, सुती चादरीत बांधून माळ्यावर भिंतीपासून सुटे ठेवले. प्लास्टिकमध्ये बांधलं तर उरलीसुरली ओल आत कोंडते. घडी कधीच घालायची नाही, घडीची मोड पुढे चालताना उठून दिसते. स्टीलच्या पट्ट्या काढून पुसून वेगळ्या ठेवल्या. पावसाळ्यात कोबा उघडा राहिला. परसदाराशी आणि न्हाणीघराच्या दाराशी तेवढ्या पाणी खाली जाऊ देणाऱ्या रबरी जाळीदार चटया ठेवल्या, आणि आजींच्या वाटेवर भिंतीला ८५ सेंटीमीटर उंचीवर लाकडी कठडा लावला, कारण त्या चार महिन्यांत पायाखाली पट्टा नसतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी प्लास्टिकचे पाचही तुकडे पुन्हा लावले. लादीचे दोन कोरडे. कोब्यावरचे दोन किंचित गडद. न्हाणीघराजवळ बारीक थेंब, पण गेल्या ऑक्टोबरसारखे ओघळ नाहीत. पन्हळ आणि उतरवलेल्या मातीचा तेवढा उपयोग झाला होता. मागचा तुकडा दसऱ्याला पसरला. पुढच्याला आणखी थांबवलं, दर चार दिवसांनी चाचणी घेतली, आणि थेंब धरायचे थांबल्यावर दिवाळीच्या आधीच्या रविवारी तो खाली आला.